लॅपटॉप नेमका कुठपर्यंत येतो?

पावसाळा लागला की चिपळुणात माझ्या टेबलावर बंद लॅपटॉपांची चळत वाढते आणि या सदराकडे येणारी पत्रंही. बहुतेकांत एकच ओळ असते : 'ताई, लॅपटॉप सुरूच होत नाही, काय करू?' एवढ्यावरून मी तरी काय सांगणार! दिवा लागतो का, पंखा फिरतो का, कंपनीचं नाव उमटतं का, ठिपके फिरतात का, पासवर्डपर्यंत पोचतो का, म्हणजे गाडी कुठपर्यंत येऊन थांबते, ते लिहा. दुकानात आलेल्या माणसालाही मी पहिला प्रश्न हाच विचारते. या वेळी ज्यांनी नीट बघून लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी संगमेश्वर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. लॅपटॉप चार वर्षांचा. गेला महिनाभर काम करता करता मध्येच निळी स्क्रीन यायची आणि तो आपोआप रिस्टार्ट व्हायचा. आता कंपनीचं नाव येतं, खाली ठिपके फिरतात, 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' अशी अक्षरं येतात, मग काळोख आणि परत कंपनीचं नाव. हे असंच चालू राहतं. बाजारातल्या दुकानदाराने 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणून सांगितलं. आत शाळेचे तक्ते, निकालपत्रकं आणि मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. बॅकअप नाही.

उत्तर : गुरुजी, फॉरमॅट मारू देऊ नका. निदान आज तरी नाही.

तुमच्या पत्रावरून एक गोष्ट स्पष्ट आहे. कंपनीचं नाव दिसतं आणि ठिपके फिरतात म्हणजे चार्जर, मदरबोर्ड, स्क्रीन ही मंडळी कामावर हजर आहेत. घोटाळा त्यापुढे आहे : एक तर विंडोज बिघडलंय, नाही तर ज्या डिस्कवर विंडोज आहे ती डिस्क जायला लागली आहे. तिसरा संशय रॅमवर, म्हणजे चालू कामापुरत्या तात्पुरत्या मेमरीवर, कारण महिनाभर निळी स्क्रीन येत होती. विंडोज बिघडलं असेल तर काही घाई नाही, फोटो जागेवर आहेत. डिस्क जात असेल तर लॅपटॉप जितक्या वेळा चालू-बंद कराल तितके फोटो लांब जातात. म्हणून आधी यातलं कुठलं, ते ठरवायचं.

पेन ड्राइव्ह, प्रिंटरची वायर, माउसचा तो नखाएवढा रिसिव्हर, सगळं काढा. चार्जरही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून चालू करा. हे फुकटचं आहे आणि कधी कधी एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर कंपनीने आत दिलेली तपासणी करा. डेलचा लॅपटॉप असेल तर चालू करताना एफ १२ दाबत राहा, यादीत 'डायग्नॉस्टिक्स' असतं. एचपीमध्ये एस्केप दाबत राहून एफ २. ही तपासणी विंडोजच्या बाहेर चालते, त्यामुळे विंडोज मेलेलं असलं तरी होते. त्यात डिस्क आणि रॅम दोन्हींची परीक्षा घ्या. डिस्क नापास झाली, किंवा जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असून आतून टक् टक् आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. पुढचं काहीही करू नका. खास करून कुणी 'चेकडिस्क चालवा' (विंडोजचीच डिस्क तपासायची आज्ञा) म्हणालं तर ऐकू नका. चेकडिस्क सगळी डिस्क वाचत जातं आणि दुरुस्ती म्हणून तिच्यावर लिहितंही. मरणाऱ्या डिस्कला तो शेवटचा धक्का ठरू शकतो. पोरंबाळं व्हिडिओ बघून पहिलं हेच करतात आणि मग रडत येतात.

डिस्क पास झाली तर जीव भांड्यात पडला असं समजा. आता तुम्हाला निळसर रंगाचं दुरुस्तीचं पान हवंय. ते आपोआप येत नसेल तर ठिपके फिरायला लागले की पॉवर बटण दाबून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच ते पान काढतं. त्यात 'ट्रबलशूट' आणि 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. पहिली पायरी 'स्टार्टअप रिपेअर'. तिने जमलं नाही तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मध्ये जाऊन शेवटचं क्वालिटी अपडेट काढा. तरीही नाही, तर 'स्टार्टअप सेटिंग्ज', रिस्टार्ट, आणि आकड्यांची यादी आली की ४ दाबा. हा सेफ मोड. यात विंडोज अगदी गरजेपुरतं सामान घेऊन उघडतं. स्क्रीन मोठी मोठी आणि बेढब दिसेल, घाबरू नका. सेफ मोडमध्ये उघडला तर मशीन निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. कुठला तरी ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर आडवं येतंय. पण ते शोधायच्या आधी पोर्टेबल डिस्क लावा आणि फोटो, तक्ते बाहेर काढा. मग दुरुस्ती.

सॉफ्टवेअर असं आडवं आल्याचं मोठं उदाहरण तुम्ही पाहिलंय. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनच्या चक्रात अडकले. हा आकडा मायक्रोसॉफ्टचाच. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. त्यात ना मदरबोर्डचा दोष होता ना डिस्कचा. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवली की मशीन उठत होतं. फक्त ते प्रत्येक मशीनपाशी जाऊन करावं लागलं, म्हणून दिवसच्या दिवस गेले.

वेळ जायचं आणखी एक कारण तुम्हालाही आडवं येईल : बिटलॉकर. विंडोज ११ चे नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने चालू केले की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. रोज वापरताना ते जाणवत नाही, पण दुरुस्तीच्या पानावर गेलात की ४८ आकडी किल्ली मागतं. 'मी कधी कुलूप लावलंच नाही' असं म्हणत लोक भांडतात. किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून त्याच ईमेलने खात्यात जा, लॅपटॉपच्या नावाखाली 'रिकव्हरी की' सापडेल. स्क्रीनवर किल्लीची ओळख म्हणून काही अक्षरं दिसतात, त्यातली पहिली आठ जुळवून बघा, कारण एका खात्यात दोन-तीन मशिनांच्या किल्ल्या असू शकतात. शाळेने किंवा कार्यालयाने दिलेल्या ईमेलने लॅपटॉप चालू केला असेल तर किल्ली त्यांच्याकडे. आणि किल्ली कुठेच नसेल तर मीच काय, कुणीही ती डिस्क उघडू शकत नाही. उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सेफ मोडही उघडला नाही तर दुसऱ्या संगणकावर उबंटूचा (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी प्रणाली) पेन ड्राइव्ह करून घ्या. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेल. त्यावरून लॅपटॉप चालू करून 'ट्राय' वर टिचकी मारा, 'इन्स्टॉल' वर अजिबात नको. विंडोज बाजूला ठेवून फाइली दिसायला लागतात, तशा कॉपी करायच्या. किंवा एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) काढून यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावायची. केसिंग घेताना एसएसडी नेमकी कुठली ते बघून घ्या. एम.२ च्या पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात आणि एकाची केसिंग दुसऱ्याला चालेलच असं नाही. अगदी स्वस्तातल्या काही लॅपटॉपांत साठवण बोर्डवरच डकवलेली असते, ती निघत नाही. तिथे पेन ड्राइव्हचाच रस्ता.

कॉपी करताना 'यूझर्स' मधलं तुमच्या नावाचं फोल्डर अख्खं घ्या. आणि एक गोष्ट सगळे विसरतात ती घ्या : विंडोजच्या फोल्डरातलं 'फॉन्ट्स'. शाळेची जुनी पत्रकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. फाइल वाचली, पण नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की निकालपत्रकात विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

हे सगळं हातात आल्यावर खुशाल 'रीसेट धिस पीसी' करा. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर फाइली राहतात, बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. दुकानदाराचा फॉरमॅटही तेव्हा चालेल. त्याचं औषध चूक नाही, वेळ चुकीची होती. रॅम नापास झाली असेल तर मात्र फॉरमॅट मारून उपयोग नाही, आठवड्यात परत निळी स्क्रीन. आणि पुढच्या वेळी निळी स्क्रीन आली तर मोबाइलने फोटो काढा. खाली इंग्रजीत स्टॉप कोड असतो, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत ही स्क्रीन आता काळी झाली आहे, तेव्हा निळी दिसली नाही म्हणून चुकवू नका.

प्रश्न : मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेमिंग लॅपटॉप आहे. गेम खेळताना किंवा थ्रीडी रेंडर लावला की एकदम बंद होतो, निळी स्क्रीन वगैरे काही नाही. लगेच चालू करायला गेलं तर होत नाही, थोड्या वेळाने होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल पॉवर ४१' दिसतं. पॉवर सप्लाय गेला असं समजायचं का?

उत्तर : नाही. 'कर्नल पॉवर ४१' चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. ते तुलाही माहीत आहे. कारण त्यात लिहिलेलं नसतं.

थंड झाल्यावर चालू होतो, हीच तुझ्या पत्रातली कामाची ओळ. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. पंख्याच्या तोंडाशी टॉर्च मारून बघ, जाळीमागे धुळीची लोकर दिसेल. होस्टेलच्या गादीवर ठेवून खेळत असशील तर ती कापसाची असेल. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घे. स्वतः करणार असशील तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढ. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धर, नाही तर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

दुसरा संशय चार्जरवर. मूळ चार्जर विटेएवढा जड असतो, तो खोलीवर ठेवून मित्राचा ६५ वॅटचा टाइप-सी लावतोस का? साध्या कामाला पुरेल, गेमला पुरणार नाही. मग उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते, आणि बॅटरी थकलेली असली की एका क्षणी सगळंच तुटतं.

आणि आज रात्रीच एक बघ : टचपॅड वर उचललं गेलंय का, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंग बंद, वापर बंद, थेट दुकानात. ती दाबायची नाही, टोचायची नाही आणि कचऱ्याच्या डब्यात तर टाकायचीच नाही. लिथियमची बॅटरी पेटली की मग आवरत नाही.

प्रश्न : फोंड्याहून लिहिते आहे. दोन महिने लेकीकडे गेले होते, लॅपटॉप कपाटात होता. आता बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. काहीच उमटत नाही.

उत्तर : आमच्या भाषेत हा 'नो डिस्प्ले'. 'डेड', म्हणजे दिवाही न लागणाऱ्या, मशीनपेक्षा बरा. गोव्याची आणि कोकणाची हवा सारखीच, जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तिथे रॅमच्या पायांनी काय घोडं मारलंय!

अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर मशीन चालू आहे, फक्त मागचा प्रकाश गेलाय. दिसलं नाही तर एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. टीव्हीवर आलं तर पडदा किंवा बिजागरीतून जाणारी त्याची केबल खराब. टीव्हीवरही नसेल तर कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे आत कुणीतरी जागं आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, ग्राफिक्स नव्याने सुरू होतं.

यातलं काहीच झालं नाही तर रॅम काढून घालायची. हे काम जवळच्या माहितगाराकडून करून घ्या : चार्जर काढून, बॅटरी सोडवून, रॅमची पट्टी बाहेर काढून पायांवरून आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. आमच्याकडे शाळेच्या खोडरबरने घासतात, मीही घासते, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाता कामा नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची. परत लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना नव्या मशिनांत काही मिनिटं काळोखच राहतो, ते रॅमची ओळख करून घेत असतं. तेवढा धीर धरा, बटण दाबत बसू नका.

चालू करताना कुठला दिवा किती वेळा लुकलुकतो याचा व्हिडिओ जरूर काढा. डेलमध्ये पिवळा-पांढरा दिवा आणि एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक संख्येने लुकलुकून आजार सांगतो. रॅम, बायोस (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा बोर्डवरचा प्रोग्राम), बोर्ड, प्रत्येकाची संख्या वेगळी आणि कंपनीच्या पुस्तिकेत ती दिलेली असते.

उठला की तारीख बघा. साल भलतंच मागे गेलं असेल तर बोर्डवरचा बटणाएवढा सेल संपलाय. बऱ्याच लॅपटॉपांत तो घड्याळात असतो तसा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. किंमत किरकोळ, पण तो गेला की बायोसच्या सेटिंगा पुसल्या जातात आणि डिस्क वाचायची पद्धत बदलली तर विंडोज उघडत नाही. धडधाकट डिस्क घेऊन लोक 'हार्ड डिस्क उडाली' म्हणत येतात, ते यामुळेही.

प्रश्न : काल कीबोर्डवर अर्धा कप चहा सांडला. लगेच बंद केला, तांदळाच्या डब्यात ठेवलाय. चालू करून बघू का? (पुणे)

उत्तर : नको! तांदळातून बाहेर काढा आणि तांदळाचा भात करा, तेवढाच त्यांचा उपयोग. उलट पिठी पोर्टमध्ये जाते. चार्जर लावू नका. तंबूसारखा उघडा पालथा ठेवा, हेअर ड्रायर मारू नका आणि आजच उघडून घ्या. पाणी वाळतं, चहातली साखर आणि दूध बोर्डवर राहतं आणि त्याखाली तांबं सडत जातं. म्हणून 'वाळल्यावर चालू झाला' म्हणून खूश झालेले लोक दोन महिन्यांनी येतात.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गाळाने भरलेले लॅपटॉप पोत्यातून आले होते. त्यात मी एक फरक पाहिला. ज्यांनी बटणाला हात लावला नव्हता त्यांचे बोर्ड धुऊन, सुकवून बरेचसे उठले. ज्यांनी 'चालू होतो का बघूया' म्हणून चार्जर लावला होता त्यांचे शॉर्ट झालेले. पाणी आणि वीज एकत्र आली की काही सेकंद पुरतात. मशीन गेलं तरी एसएसडी बहुतेक वेळा वाचते, तेव्हा भंगारात देण्याआधी ती काढून घ्या.

प्रश्न : बायोस अपडेट चालू असताना चार्जरची पिन निघाली. आता डेड. (परभणी)

उत्तर : कंपनी कुठली ते लिहिलं नाहीत. एचपी असेल तर विंडोज आणि बी दाबून धरून पॉवर बटण काही सेकंद दाबा. डेल असेल तर चार्जर काढा, कंट्रोल आणि एस्केप दाबून धरा आणि तसंच धरून चार्जर लावा. बऱ्याच मॉडेलांत बायोसची जादा प्रत असते, ती यातून परत बसते. नाहीच जमलं तर बोर्डवरची बायोसची चिप प्रोग्रामरवर लिहून घ्यावी लागते. ते चिप लेव्हलचं काम करणाऱ्या दुकानातच होईल. बोर्ड बदलायला सांगितलं तर आधी दुसरीकडे दाखवा.

प्रश्न : 'विंडोज १० बंद झालं म्हणून तुमचा लॅपटॉप सुरू होत नाही, नवा घ्या' असं सांगितलं गेलं. खरं का? (सोलापूर)

उत्तर : खोटं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. त्यामुळे एकही लॅपटॉप बंद पडलेला नाही. तुमचा कशाने पडलाय ते शोधायला पाहिजे. कुठपर्यंत येतो?

प्रश्न : मी डोंबिवलीत एकटा असतो, वय ७४. मुलगा अमेरिकेत. काल बातम्या वाचताना स्क्रीन एकदम अडकली, भोंगा वाजायला लागला, 'तुमचा संगणक लॉक झाला आहे, मायक्रोसॉफ्टला फोन करा' असा इंग्रजीत मजकूर आणि खाली नंबर. माउस चालेना. मी घाबरून झाकण लावून ठेवलंय. फोन केलेला नाही.

उत्तर : काका, फोन केला नाहीत तेच उत्तम केलंत. लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. ते एक वेब पान आहे, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. झाकण उघडा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. परत चालू करा आणि ब्राउझर उघडल्यावर 'मागची पानं परत उघडू का' असं विचारलं तर नाही म्हणा. पुन्हा भोंगा वाजला तर सगळ्यात आधी वायफाय बंद करा.

तुमच्या इमारतीत दुसऱ्या कुणी त्या नंबरवर फोन केला असेल, एनीडेस्कसारखं (लांबून दुसऱ्याला आपला संगणक चालवू देणारं) काही टाकून घेतलं असेल किंवा पैसे दिले असतील, तर त्यांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा आणि बँकेलाही कळवायला सांगा. लॅपटॉपची दुरुस्ती त्यानंतर.